जोर नको, आधी प्लग काढा

जनरेटरची दोरी जड झाली की आपल्याकडे पहिली हाक जाते ती सगळ्यात दणकट गड्याला. युनिटमध्ये तो कुस्तीच्या टीममधला असतो, गावात तालमीतला. तो येतो, बाह्या सरसावतो, एक बूट मशीनवर रोवतो आणि हिसका देतो. आजूबाजूचे चार जण 'जोर लगा के' म्हणायला तयारच असतात. कधी मशीन सुरू होतं, कधी मूठ हातात येते आणि दोरी आत गडप होते. सुरू झालं तर त्याची पाठ थोपटली जाते. दोरी जड का झाली होती, हे मात्र कोणी विचारत नाही. ते उद्या सकाळी पुन्हा कळणारच असतं.

मित्रहो, आज मला या प्रथेविरुद्ध लिहायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण जनरेटर, पाण्याचा पंप, चेन सॉ, ग्रास कटर, पॉवर वीडर, बोटीचं आउटबोर्ड इंजिन असं दोरी ओढून सुरू होणारं काही ना काही मी प्रत्येक पोस्टिंगमध्ये पाहिलं आहे. आणि निवृत्त होऊन गावी गेलेल्या आपल्या माणसांच्या गोठ्याशेजारीही त्यातलं एखादं असतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की जड दोरी ही तक्रार आहे, ती ऐकायची असते. आणि ती ऐकण्याचं काम मिस्त्रीच्या आधी मशीन वापरणाऱ्या माणसाचं आहे.

त्या झाकणाखाली फारसं काही नसतं. एक चक्री, तिच्यावर गुंडाळलेली दोरी, चक्रीला परत फिरवणारी घड्याळासारखी चपटी स्प्रिंग, आणि एक-दोन छोटे खटके. दोरी ओढली की खटके बाहेर येऊन फ्लायव्हीलला पकडतात, फ्लायव्हीलबरोबर क्रँक फिरतो, पिस्टन वर-खाली होतो. इंजिन सुरू झालं की खटके सुटतात. म्हणजे तुमच्या हाताला जो जडपणा लागतो तो तीनच ठिकाणांहून येऊ शकतो: दोरी-चक्रीच्या झाकणातून, इंजिनाच्या पोटातून, किंवा इंजिनाला पुढे जे जोडलंय त्यातून. कुठून, हे शोधायला दहा मिनिटं आणि दोन पाने लागतात. ताकद लागत नाही.

उंचीवरच्या पोस्टचं उदाहरण घेऊ, कारण तिथे या दहा मिनिटांची किंमत सर्वांत जास्त आहे. लडाखमध्ये १५,००० फुटांवर हिवाळ्याच्या सकाळी पारा उणे वीसच्या खाली असतो. रेडिओ सेटच्या बॅटऱ्या चार्ज करायला छोटा जनरेटर हाच आधार. दोरी हलत नाही. जवान ओढतो, धापा टाकतो, पुन्हा ओढतो. मैदानात दहा हिसके म्हणजे काहीच नाही, तिथे दहा हिसक्यांनंतर माणूस गुडघ्यावर हात टेकून उभा राहतो. अंगात चार थर, आतून घाम फुटलेला, आणि थांबला की तोच घाम गार पडू लागतो. उंचीवर नव्यानं आलेल्या माणसाला तर असं दमवणं सरळ धोक्याचं आहे.

यात एक गंमत आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के असतो. सिलिंडरमध्ये दाबायला हवाच कमी, म्हणजे कॉम्प्रेशनचा विरोधही कमी. हिशेबानं दोरी पुण्यापेक्षा तिथे हलकी जायला हवी! तरी ती दगड झाली असेल, तर दोष कॉम्प्रेशनचा नाही. बहुधा तो ऑइलचा असतो, नाहीतर गोठलेल्या ओलाव्याचा. मैदानातून इंजिनाबरोबर आलेलं ४० नंबरचं जाड ऑइल थंडीत काकवीसारखं होतं, आणि पिस्टन त्या काकवीतून ओढायचा असतो. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हा विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. मशीनच्या पुस्तिकेत कुठल्या तापमानाला कुठलं ऑइल याचा तक्ता दिलेला असतो. ती पुस्तिका मात्र स्टोअरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, जशी आली तशी नवीकोरी असते.

जुन्या लोकांची एक पद्धत मला फार आवडते. रात्री इंजिन बंद केलं की गरम आहे तोवर ऑइल स्वच्छ डब्यात काढून घ्यायचं, डबा बंकरमध्ये उबेला ठेवायचा, सकाळी परत ओतायचं. आणि ऑइल काढलंय हे कुणी विसरू नये म्हणून दोरीच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. सकाळी स्विच बंद ठेवून दोन-तीनदा सावकाश दोरी ओढायची, म्हणजे आतलं ऑइल सुटतं, आणि मग खरा हिसका. याउलट इंजिनाखाली जाळ करणं किंवा ब्लो लॅम्प धरणं मीही पाहिलंय. पेट्रोलच्या टाकीखाली जाळ धरणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. जनरेटर उबेला आत घ्यायचा तर रात्री बंद अवस्थेतच घ्या. बंकरमध्ये किंवा तंबूत तो चालवायचा नाही. त्या धुराला वास असो-नसो, कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो.

आता त्या दहा मिनिटांबद्दल.

स्विच बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. हे आधी, बाकी सगळं नंतर. मग इंजिनाला पुढे काय जोडलंय ते बघा. गवत कापायच्या मोअरमध्ये पातं थेट क्रँकला बसवलेलं असतं, खाली ओलं गवत वाळून घट्ट बसलं की दोरी जाम. पेट्रोल पंपातही पंखा थेट शाफ्टवर असतो, त्यात खडा किंवा गाळ अडकला की तेच. लडाखमध्ये यात आणखी एक भर: संध्याकाळी पंपातलं पाणी सोडायचं राहिलं तर सकाळी पंखा बर्फात गाडलेला असतो. इंजिन ठणठणीत, आणि आपण मात्र दोरीला लटकलेले. खांद्यावरच्या ग्रास कटरचं उलट आहे. त्यात मधे क्लच असतो, तो वेग आल्यावरच पकडतो, म्हणून डोक्याला गुंडाळलेलं गवत दोरी सहसा जड करत नाही. तिथे दोष दुसरीकडे शोधा.

बोटीच्या इंजिनाची तर वेगळीच तऱ्हा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात सेना, नौदल आणि एनडीआरएफच्या बोटी किती फिरल्या, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. अशा बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत गिअर पडलेला असेल तर दोरी हलूच नये अशी अटकावणी मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर सुरू होताक्षणी बोट उडी मारेल. घाईत हे लक्षात येत नाही आणि माणूस अटकावणीशीच कुस्ती खेळतो. लिव्हर न्यूट्रलला आणा, संपलं काम.

पुढे सगळं मोकळं असेल तर प्लग काढा आणि दोरी ओढा. या एका कृतीत अर्धं निदान होतं. प्लग काढल्यावर दोरी हलकी झाली, तर दोरी-चक्री चांगली आहे, क्रँकही चांगला आहे. अडचण सिलिंडरच्या आत दाबल्या जाणाऱ्या वस्तूत आहे. ती वस्तू हवा असायला हवी. ती ऑइल, पेट्रोल किंवा पाणी असेल तर पिस्टन वर जाणारच नाही, कारण द्रव दाबला जात नाही. इथे पैलवान आणला तर तो खटके तोडेल, चक्री तोडेल किंवा स्वतःचं मनगट. आणि मशीनला सेल्फ स्टार्ट असेल आणि कुणी शहाण्यानं 'दोरी जाम आहे ना, मग बटण दाबू' असं केलं, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग मात्र खरोखर खर्च आहे.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा गेल्या पावसाळ्यात फोन आला होता.

"राम राम साहेब. वीडरची दोरी दगडागत झालीया. पोराला म्हटलं वढ, त्याच्या बी हातानं होईना."

"सुभेदार साहेब, मशीन आडवं केलं होतंत का?"

"व्हय, परवा खालचं तण काढाया कलता केला हुता."

"कुठल्या अंगावर?"

पलीकडे जरा शांतता. "फिल्टरच्या."

चार-स्ट्रोक इंजिन एअर फिल्टरच्या बाजूवर कलतं केलं की खालचं ऑइल वाट काढत फिल्टरमध्ये, कार्बोरेटरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. प्लग काढून, तोंड बाजूला करून त्यांनी पाच-सहा वेळा दोरी ओढली, काळी पिचकारी उडाली, दोरी मोकळी. फिल्टर बदलला, ऑइल मापात भरलं. नंतर दहा मिनिटं मशीननं एवढा धूर केला की शेजारी बघायला आले, असं त्यांनीच हसत सांगितलं.

पिचकारीत पेट्रोलचा वास आला तर प्रकरण वेगळं. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्बोरेटरची सुई नीट बसत नसेल, तर टाकीतलं पेट्रोल हळूहळू सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. आपल्या कॉन्व्हॉयमध्ये ट्रकच्या मागे आडवातिडवा टाकलेला जनरेटर दोन दिवसांच्या प्रवासानंतर असाच उतरतो. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोलही सुई चिकटवतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवणं अधिकच बरं. असं पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ झालेलं असतं, ते टाकूनच द्यायचं. आणि प्लग काढून दोरी ओढताना ठिणगी नको, बिडी नको, शेजारी पेटती बुखारी नको. पेट्रोलची पिचकारी म्हणजे पेट्रोलची पिचकारीच.

प्लग काढल्यावर दोरी हलकी, पण द्रव काहीच आलं नाही, प्लग लावला की पुन्हा एका ठरावीक जागी जाम आणि हाताला उलटा हिसका: असं असेल तर टॅपेट बघायला सांगा. बऱ्याच चार-स्ट्रोक इंजिनांत दोरी ओढण्याच्या मंद वेगाला व्हॉल्व्ह किंचित उचलून थोडी हवा सोडून देण्याची सोय कॅमशाफ्टवरच असते. ती उचल अगदी जराशी असते. टॅपेटचं अंतर वाढलं की ती व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही, आणि पूर्ण कॉम्प्रेशन आपल्या खांद्यावर येतं. लोक कौतुकानं म्हणतात, 'इंजिनात दम आहे!' दम नाही, टॅपेट ढिले आहेत. फीलर गेज आणि पुस्तिकेतला आकडा असला की अर्ध्या तासाचं काम. पण तो अर्धा तास मिस्त्रीचा, आपला नव्हे. तो उलटा हिसका मोअरचं पातं दगडावर आपटल्यानंतर सुरू झाला असेल तर तेही मिस्त्रीला सांगा. फ्लायव्हीलची चावी कापली गेली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते.

प्लग काढूनही दोरी जडच असेल तर दोरीचं झाकण उतरवा. तीन-चार बोल्ट असतात. मग फ्लायव्हील हातानं फिरवून बघा. ते सहज फिरलं तर दोष हातातल्या झाकणात आहे. नाही फिरलं तर दोष इंजिनात, आणि आपण तिथेच थांबायचं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळायचं राहून गेलं असेल तर पिस्टन धरलेला असू शकतो. अशा वेळी आणखी ओढणं म्हणजे सिलिंडरवर चरे पाडणं.

झाकणातला दोष बहुतेक वेळा साधा असतो. धूळ, गवताचा भुसा, सुकलेली चक्री. कधी थंडीत घट्ट झालेलं ग्रीस, जे कुणीतरी प्रेमानं मूठभर भरलेलं असतं. स्वच्छ करून पातळ ऑइलचे दोन थेंब पुरतात. आणि दोरी! मूळ दोरी तुटली की आपण बाजारातून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणतो, जाड, म्हणजे 'मजबूत'. ती चक्रीच्या खाचेत मावत नाही, झाकणाला घासते, आणि मग म्हणायचं की मशीन जड झालं. जुन्या दोरीचा तुकडा दुकानात नेऊन त्याच जाडीची आणा. स्प्रिंगला ताण देताना चक्रीचे फेरेही मापातच. जास्त फेरे दिले तर दोरी पूर्ण बाहेर येण्याआधीच स्प्रिंग संपते आणि तिथे हिसका बसला की तुटते. चक्री उचलून स्प्रिंग बाहेर काढायचा मोह मात्र टाळा. ती सुटली की ब्लेडसारखी फिरते. चष्मा आणि हातमोजे नसतील तर झाकण तसंच्या तसं मिस्त्रीकडे न्या.

ईएमईच्या एका मित्रापुढे हे सगळं मांडलं तेव्हा तो वैतागला. त्याचं म्हणणं असं: "तू प्रत्येक जवानाच्या हातात पाना देशील, आणि माझ्याकडे मशीन येईल ते तीन स्क्रू कमी, एक वॉशर जास्त आणि प्लगचे आटे गेलेले." त्याचं दुःख खरं आहे. प्लग वाकडा घालून ॲल्युमिनियमचे आटे खाल्लेली इंजिनं मीही पाहिली आहेत. पण उलट बाजू त्यालाही मान्य करावी लागली. जवानानं हातच लावायचा नाही असं ठरलं की तो फक्त एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे जोरात ओढणं. मग मशीन येतं ते चक्री फुटून, खटके तुटून. पास झालेल्या रस्त्यानं, आलेल्या पहिल्या गाडीनं, आठवड्यानं. आणि कधी कधी तर मागे टॅग लागतो, बीईआर, दुरुस्ती परवडणार नाही म्हणून. ज्या मशीनला एक फिल्टर आणि पाव लिटर ऑइल हवं होतं.

आमची तडजोड झाली ती सीमारेषेवर. वापरणाऱ्यानं प्लग, ऑइल, फिल्टर आणि दोरीचं झाकण एवढंच बघायचं. व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, फ्लायव्हील, स्प्रिंग हे मिस्त्रीचं. प्लग हातानं, बोटांनीच, पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. एवढं शिकवायला एक दुपार पुरते. गाड्यांची मेंटेनन्स परेड आपण नेमानं करतो, बॉनेट उघडून रांगेत उभे राहतो. कोपऱ्यातल्या छोट्या जनरेटरचं झाकण त्या परेडला कधी उघडलेलं बघितलंय का? तो गाडी नाही आणि शस्त्रही नाही, म्हणून कोणाचाच नाही. माझा आक्षेप इथे आहे, जवानाच्या दंडाच्या ताकदीवर नाही.

गावाकडे तर ईएमईही नाही. वीडर अनुदानावर येतो, मिस्त्री तालुक्याला असतो, आणि वापसा दोन-तीन दिवसांचा. त्या दोन दिवसांत दोरी हलली नाही तर पुढच्या पावसात तण गुडघ्याएवढं होतं आणि खुरपणीला मजूर शोधत फिरावं लागतं. त्यातून एक गोष्ट मला जास्त खटकते. दोरी जड असली की ते मशीन घरात एकाच माणसाचं होऊन बसतं. घरच्या बाई वीडर चालवू शकतात, चालवतातही, पण सुरू करून द्यायला कुणीतरी गडी लागतो. साठी उलटलेले, खांदा धरलेले आपले जुने जवान शेजारच्या पोराची वाट बघत बांधावर बसतात. चांगल्या स्थितीतल्या छोट्या इंजिनाची दोरी शाळकरी मुलीलाही ओढता यायला हवी, तशीच ती बनवलेली असते. जिथे ती ओढता येत नाही, तिथे ओढणारीत नव्हे, मशीनमध्ये काहीतरी बिघडलेलं आहे.

ओढण्याची रीतही एकदा घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. खटका धरेपर्यंत, हाताला अडथळा लागेपर्यंत दोरी सावकाश ओढायची, मग एक सलग, सरळ रेषेत ओढ, आणि मूठ हातात धरूनच परत आत सोडायची. टोकापर्यंत ताणायची नाही, वाकडी ओढायची नाही, कारण दोरी बाहेर येते त्या भोकाच्या कडेवर ती घासून कापली जाते. मशीनच्या पेटीत प्लग-पाना, एक नवीन प्लग, योग्य जाडीची दोन हात दोरी आणि एक फिल्टर ठेवा. सुभेदार साहेबांनी आता त्यात पुस्तिकाही ठेवली आहे. ती इंग्रजीत आहे म्हणून नातीकडून मराठीत चार ओळी लिहून घेतल्या आहेत, आणि वीडरच्या टाकीवर, फिल्टरच्या बाजूला, खडूनं एक बाण काढून खाली लिहिलंय: 'ह्या अंगावर न्हाई'.